रस्त्यावर चालणाऱ्या मसल कारसाठी ड्रॅग रेसिंगचे मागचे टायर कसे निवडावेत

ड्रॅग रेसिंगकडे नव्याने वळणारा गाडीमालक बहुधा इंजिनापासून सुरुवात करतो. कार्ब्युरेटर, कॅम, हेडर यांवर बराच पैसा खर्च झाल्यानंतर दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी गाडी पहिल्यांदा पाव मैलाच्या पट्टीवर उभी राहते, हिरवा दिवा लागतो आणि मागची चाके जागच्या जागी गरगरू लागतात. शेजारच्या लेनमधली कमी ताकदीची, पण योग्य टायरवर उभी असलेली गाडी तोवर निघून गेलेली असते. इंजिनावर आणखी एक डॉलर खर्च करण्याआधी मागच्या टायरांचा विचार करावा, असा सल्ला अमेरिकेतल्या कोणत्याही ड्रॅग स्ट्रिपवर मिळतो आणि तो अगदी योग्य आहे.

हा लेख एका विशिष्ट प्रकारच्या गाडीसाठी आहे. नोंदणी आणि विमा असलेली, सुट्टीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन फिरणारी, मागच्या चाकांना ताकद पुरवणारी अमेरिकन मसल कार (मोठ्या इंजिनाची ताकदवान गाडी), जी अधूनमधून अधिकृत ट्रॅकवर धावते, तीच येथे गृहीत धरली आहे. ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या, केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या गाडीचे गणित वेगळे असते. आकडेमोड समजावी म्हणून आपण एक गाडी डोळ्यांसमोर ठेवू: १९७० सालची शेव्हरोले शेव्हल, वजन सुमारे ३,८०० पौंड, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागे जनरल मोटर्सचा १२-बोल्ट अ‍ॅक्सल आणि ३.७३ चे गिअर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे ड्राइव्हशाफ्टचे (ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचे) ३.७३ फेरे.

गाडी ट्रॅकवर कशी पोहोचणार, हे आधी ठरवा

हा प्रश्न अगदी साधा वाटतो, पण पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्यावर अवलंबून असतात. गाडी ज्या टायरांवर घरून निघेल त्याच टायरांवर धावून परत येणार असेल, तर ते टायर कायद्याने रस्त्यावर चालणारे, म्हणजे अमेरिकी वाहतूक खात्याचा (डीओटी) शिक्का असलेले हवेत आणि परतीच्या वाटेवर पाऊस लागलाच तर गाडी किमान सावकाश तरी घरी आणता आली पाहिजे. याउलट टायर लावलेली दोन जादा चाके, जॅक आणि टॉर्क रेंच सोबत नेऊन पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या गाड्यांच्या तळावर) चाके बदलायची तयारी असेल, तर निवडीला बरीच मोकळीक मिळते. ‘हॉट रॉड’ मासिकाने २००५ साली सुरू केलेल्या ‘ड्रॅग वीक’ या उपक्रमात स्पर्धक आठवडाभर वेगवेगळ्या ट्रॅकवर धावतात आणि एका ट्रॅकहून दुसऱ्या ट्रॅकला तीच गाडी रस्त्याने चालवत नेतात. तिथे हे दोन्ही मार्ग पाहायला मिळतात: कोणी ड्रॅग रेडियलवरच (रस्त्यावर चालणाऱ्या, चिकट रबराच्या शर्यतीच्या टायरांवरच) सगळा प्रवास करतो, तर कोणी मागे छोटा ट्रेलर जोडून त्यावर शर्यतीची चाके वाहून नेतो.

नवशिक्याने पहिल्या हंगामात पहिला मार्ग धरावा असे मला वाटते. उन्हात जॅक लावून चाके बदलण्याचा उत्साह फार टिकत नाही आणि घाईत नट अर्धवट आवळले जाण्याचा धोका उगाच पत्करावा लागतो.

टायरच्या आधी मागचा अ‍ॅक्सल तपासा

साधा टायर घसरतो तेव्हा तो नकळत घरातल्या फ्यूजचे काम करत असतो: जास्तीचा टॉर्क धुरात निघून जातो आणि पुढचे भाग वाचतात. टायरने पकड घेतली की तोच टॉर्क ड्राइव्हशाफ्ट, यू-जॉइंट, रिंग-पिनियन आणि अ‍ॅक्सल शाफ्ट यांच्यावर येऊन आदळतो. आपल्या शेव्हलमधला १२-बोल्ट अ‍ॅक्सल (रिंग गिअरचा व्यास ८.८७५ इंच), फोर्डचा ९ इंची किंवा क्रायस्लरचा ८.७५ इंची हे चांगल्या स्थितीत असतील, तर मध्यम ताकदीच्या रस्त्यावरच्या गाडीला सहसा पुरतात. १९८२ ते २००२ या काळातल्या बहुतेक कॅमारो आणि फायरबर्डमधला साडेसात इंची १०-बोल्ट मात्र चिकट टायर आणि हाताचा गिअर अशा जोडीपुढे टिकत नाही, हे त्या गाड्यांच्या मालकांमध्ये सर्वश्रुत आहे. अशा गाडीला स्लिक (खाचा नसलेले, निव्वळ शर्यतीचे टायर) लावण्याची घाई करू नये.

डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) कोणता आहे, हेही याच वेळी पाहावे. साधा, उघडा डिफरन्शियल असेल तर ताकद दोन्ही चाकांना नीट मिळत नाही, ज्या चाकाची पकड आधी सुटते ते एकटेच फिरत राहते, आणि महागडा टायर घेऊनही निम्मा पैसा वाया जातो. दोन्ही चाकांना ताकद देणारा प्रकार, म्हणजे जनरल मोटर्सचा पॉझिट्रॅक्शन, फोर्डचा ट्रॅक्शन-लॉक किंवा क्रायस्लरचा शुअर-ग्रिप बसवलेला आहे का, त्याची क्लच पॅक शाबूत आहे का, याची खात्री करून घ्यावी.

सुरक्षिततेचे नियमही टायरशी जोडलेले आहेत. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगची नियामक संस्था असलेल्या एनएचआरएच्या (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) नियमांप्रमाणे पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणारी गाडी स्लिकवर असेल तर ड्राइव्हशाफ्ट लूप (तुटलेला ड्राइव्हशाफ्ट खाली पडू न देणारी कडी) बंधनकारक असतो. रस्त्याच्या टायरांवर असेल तर ही अट ११.४९ सेकंदांपासून लागू होते. जुन्या गाडीला ११.४९ पासून रोल बारही (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारा पोलादी दांडाही) लागतो आणि १०.९९ पासून सी-क्लिपवर अडकवलेले मूळ अ‍ॅक्सल चालत नाहीत. नुसत्या टायरांमुळे गाडी यांपैकी एखादी रेषा ओलांडू शकते. आपण ज्या ट्रॅकवर जाणार तिथल्या तपासनिसाला टायर घेण्यापूर्वीच विचारणे शहाणपणाचे.

उंची: गिअरशी जुळणारा व्यास

नवखे लोक रुंदीपासून सुरुवात करतात. मी उंचीपासून करावी असे सांगेन, कारण टायरचा व्यास बदलला की संपूर्ण गाडीचे गिअरिंग बदलते. त्यासाठीचे सूत्र सोपे आहे: इंजिनाचे मिनिटाला फेरे म्हणजे ताशी मैल गुणिले अ‍ॅक्सलचा गिअर गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचांतला व्यास. हा हिशेब सरळ, म्हणजे एकास एक टॉप गिअरचा आहे. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असलेला द्रवाचा जोड) घसरत असल्याने प्रत्यक्ष आकडा थोडा वर जातो.

आपली शेव्हल ताशी १०८ मैलांनी शेवटची रेषा ओलांडते असे समजा. २८ इंची टायरवर इंजिन तिथे सुमारे ४,८३० फेऱ्यांवर असेल, तर २६ इंची टायरवर सुमारे ५,२१०. इंजिनाची कमाल ताकद ५,६०० च्या आसपास येत असेल, तर कन्व्हर्टरची घसरण धरून २६ इंची टायर त्या आकड्याच्या बराच जवळ जातो आणि २८ इंची टायरवर इंजिन जरा सुस्त राहते. २६ वरून २८ वर गेल्यास ३.७३ चा गिअर जणू ३.४६ चा होतो. जुनी चपळाई परत हवी तर ४.१० चा गिअर घालावा लागतो, आणि मग हायवेवर ताशी ६५ मैलांना इंजिन २,९१० ऐवजी ३,२०० फेऱ्यांवर गुरगुरत राहते. ओव्हरड्राइव्ह नसलेल्या गाडीत लांबच्या प्रवासात हा फरक कानांना आणि पेट्रोलच्या बिलाला चांगलाच जाणवतो.

मग उंच टायर घ्यायचाच कशाला? व्यास मोठा असला की जमिनीला टेकणारा ठसा लांब होतो, आणि सरळ रेषेत पुढे झेपावताना लांब ठसा उपयोगी पडतो. शिवाय जड गाडीचा पहिला धक्का सोसायला उंच साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) मदत करते. माझा ठोकताळा असा: मागे ३.७३ किंवा त्याहून मोठ्या आकड्याचा गिअर असेल आणि चाकाच्या कमानीत जागा असेल, तर २८ इंची टायर घ्यावा. ३.०८ किंवा ३.३१ सारखा हायवेचा गिअर असेल तर २६ इंचीवर थांबावे आणि गिअर बदलण्याचा विचार नंतर करावा.

टायरवर लिहिलेल्या आकड्यांवरून व्यास काढता येतो. २७५/६०आर१५ मध्ये रुंदी २७५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्याच्या ६० टक्के म्हणजे १६५ मिलिमीटर आणि रिम १५ इंची असते. वरची आणि खालची साइडवॉल मिळून ३३० मिलिमीटर, त्यात रिमचे ३८१ मिळवले की ७११ मिलिमीटर, म्हणजे २८ इंच होतात. त्याच रीतीने २५५/६०आर१५ हा २७ इंचांचा आणि २३५/६०आर१५ हा २६ इंचांचा भरतो. स्पीडोमीटरचेही लक्षात ठेवावे. २६ इंची टायरसाठी जुळवलेला काटा २८ इंची टायरवर ६० दाखवत असताना गाडी खरोखर ताशी साडेचौसष्ट मैलांनी धावत असते, आणि हे कारण पोलिसांना पटत नाही.

रिम लहान, साइडवॉल उंच

रस्त्यावर २० इंची चाके रुबाबदार दिसतात, पण ड्रॅग स्ट्रिपवर त्यांच्या पातळ, ताठ साइडवॉलचा उपयोग होत नाही. गाडी सुटते त्या क्षणी रिम फिरू लागते आणि ट्रेड (टायरचा जमिनीला टेकणारा रबरी पट्टा) जमिनीला धरून राहते. मधली साइडवॉल पिळली जाते, तिच्यावर सुरकुत्या पडतात, ठसा मोठा होतो आणि आलेला धक्का थोड्या अवधीत विभागला जातो. साइडवॉलच नसेल तर हे घडायला जागाच उरत नाही.

गाड्या बनवणाऱ्यांनीही हेच मान्य केले आहे. डॉजच्या चॅलेंजर हेलकॅटला २० इंची चाके होती. २०१८ च्या चॅलेंजर डीमनला कारखान्यातूनच १८ इंची चाकांवर नीटोचे एनटी०५आर ड्रॅग रेडियल मिळाले, आकार ३१५/४०आर१८. पुढे २०२३ साली आलेल्या, १,०२५ अश्वशक्तीच्या डीमन १७० ला मागे आणखी लहान, १७ इंची चाके आणि ३१५/५०आर१७ आकाराचे मिकी थॉम्पसन ईटी स्ट्रीट आर टायर बसवले गेले. ताकद वाढत गेली तशी रिम लहान होत गेली आणि साइडवॉल उंचावत गेली.

जुन्या मसल कारसाठी १५ इंची चाक हा आजही सर्वांत सोयीचा पर्याय आहे, कारण ड्रॅग टायरांचे सर्वाधिक आकार त्याच मापात मिळतात. मागे ड्रम ब्रेक असतील तर १५ इंची चाक बहुधा अडचणीविना बसते. डिस्क ब्रेक नंतर बसवलेले असतील, किंवा गाडी अलीकडची मस्टँग अथवा कॅमारो असेल, तर कॅलिपर रिमला घासतो का हे चाक विकत घेण्यापूर्वी तपासावे. नव्या गाड्यांत बहुतेकांना १७ किंवा १८ इंचीवर थांबावे लागते, आणि मस्टँगवाल्यांमध्ये ३०५/४५आर१७ हा आकार लोकप्रिय आहे तो त्यामुळेच. त्याचा व्यास २७.८ इंच भरतो.

रुंदी: फूटपट्टी घेऊन गाडीखाली जा

रुंदीबाबत दुसऱ्याच्या अनुभवावर पूर्ण विसंबू नये. १९६८ ते १९७२ च्या शेव्हलमध्ये १५ बाय ८ च्या चाकावर २७५/६०आर१५ बसतो असे सर्रास ऐकायला मिळते आणि बहुधा ते खरेही असते, पण पन्नासहून अधिक वर्षे जुन्या गाडीचा अ‍ॅक्सल अगदी मधोमध असेलच असे नाही, फेंडरची कड कोणी तरी ठोकून वळवलेली असू शकते आणि स्प्रिंगही दबलेल्या असतात. त्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूचे माप वेगळे येण्याची शक्यता मोठी असते.

गाडी चारही चाकांवर सपाट जमिनीवर उभी असताना मागची मापे घ्यावीत, म्हणजे स्प्रिंग जशा दबतात तशा दबलेल्या राहतील. चाक काढायचे तर अ‍ॅक्सलखाली स्टँड लावावेत. गाडीच्या चेसिसखाली लावले तर अ‍ॅक्सल लोंबकळतो आणि सगळी मापे चुकतात. आता ड्रमच्या ज्या सपाट पृष्ठावर चाक बसते, त्यावर एक सरळ पट्टी उभी धरावी आणि तिथून आत चेसिसपर्यंत किंवा आतल्या पत्र्यापर्यंत, तसेच बाहेर फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. टायरच्या सर्वांत फुगीर भागाच्या उंचीवर एकदा, आणि वरच्या टोकाशी, जिथे कमान आत वळते, तिथे पुन्हा. आत आणि बाहेर दोन्हीकडे अर्धा ते पाऊण इंच मोकळी जागा राहील असा टायर निवडावा. लीफ स्प्रिंगच्या गाडीत अ‍ॅक्सल वळणावर बाजूला सरकतो, म्हणून तिथे थोडी जास्त जागा ठेवावी.

आतली जागा किती व्यापली जाईल हे बॅकस्पेसिंगवरून ठरते, म्हणजे चाक जिथे बोल्टला टेकते तिथपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर. आठ इंची रिम कडेपासून कडेपर्यंत साधारण नऊ इंच भरते. म्हणून साडेचार इंच बॅकस्पेसिंग असेल तर चाक बरोबर मध्यावर बसते. आत जास्त जागा असेल तर बॅकस्पेसिंग वाढवता येते. ज्याच्याकडून चाके घेणार त्याला ही मापे कागदावर लिहून द्यावीत.

आणखी एक फसगत टाळता येण्यासारखी आहे. मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकारात पहिला आकडा टायरच्या फुगवट्याची पूर्ण रुंदी सांगतो, तर २८.०/१०.५-१५ अशा स्लिकच्या आकारात मधला आकडा ट्रेडची रुंदी सांगतो आणि फुगवटा त्याहून बाहेर जातो. दोन्हींची थेट तुलना करू नये, उत्पादकाच्या तक्त्यातली फुगवट्याची रुंदी पाहावी. आणि साडेतीन-चारशे अश्वशक्तीच्या गाडीला कमान कापून आतला पत्रा बदलण्याची मुळीच गरज नसते. त्या ताकदीला २५५ किंवा २७५ चा चांगला ड्रॅग रेडियल पुरेसा होतो.

कोणत्या जातीचा टायर

आकार ठरल्यावर निवडीचा सर्वांत रसाळ भाग येतो. सर्वांत खालच्या पायरीवर चिकट उन्हाळी रेडियल असतात, ज्यांच्या साइडवॉलवर ट्रेडवेअर (झिजेचा दर्जा) २०० असे छापलेले असते. वळणांच्या ट्रॅकवर ते उत्तम, पण त्यांची साइडवॉल मुद्दाम ताठ ठेवलेली असते. महिन्यातून एखादी संध्याकाळ ट्रॅकवर जाणाऱ्या, बाकी वेळ ओल्या-कोरड्या रस्त्यांवर फिरणाऱ्या माणसाला ते चालतील, मात्र सुरुवातीच्या झेपेत फार सुधारणा होईल अशी आशा ठेवू नये.

त्यावरची पायरी डीओटी ड्रॅग रेडियलची. नवशिक्याच्या बहुतेक गाड्यांना हेच उत्तर लागू पडते. यातही दोन थर आहेत. पहिल्या थरात मिकी थॉम्पसन ईटी स्ट्रीट एस/एस किंवा नीटो एनटी५५५आर यांसारखे, बऱ्यापैकी खाचा असलेले टायर येतात. त्यांवर रस्त्याने बरेच अंतर कापता येते आणि हलक्या पावसात सांभाळून चालवता येते. दुसऱ्या थरात ईटी स्ट्रीट आर सारखे, जवळजवळ गुळगुळीत टायर येतात. त्यांच्यावरच्या एक-दोन खाचा मुख्यतः कायद्याच्या समाधानापुरत्या असतात. दुसरा थर ट्रॅकवर स्पष्टपणे सरस ठरतो, पण साचलेल्या पाण्यावरून तो अक्षरशः तरंगत जातो. आपल्या शेव्हलला मी पहिल्या थरातला २७५/६०आर१५ लावेन.

तिसरी जात बायस प्लायची, म्हणजे आपल्याकडचे ट्रकवाले ज्याला नायलॉन टायर म्हणतात त्या रचनेची. तिच्यातही डीओटी शिक्क्याचे टायर मिळतात, आणि शेवटी निखळ स्लिक असतात, ज्यांच्यावर हायवेवर वापरू नये असे स्पष्ट छापलेले असते. बायस टायरची साइडवॉल मऊ असते, ती सुटताना भरपूर सुरकुतते आणि धक्का शोषते. वेग वाढला की टायर व्यासाने थोडा वाढतोही. रेडियल त्या मानाने आकार बदलत नाही, कमी विरोधाने फिरतो आणि शेवटच्या टप्प्यात गाडी अधिक स्थिर ठेवतो.

दोघांच्या स्वभावातला फरक निवडीच्या वेळी फार महत्त्वाचा आहे. रेडियल एक तर घट्ट पकडतो किंवा साफ सुटतो, आणि एकदा सुटला की पाय मागे घेतल्याशिवाय बहुधा पुन्हा पकडत नाही. बायस स्लिक किंचित फिरत राहूनही गाडी पुढे ढकलतो, चालकाची चूक पोटात घालतो. त्यामुळे ऑटोमॅटिक गिअरच्या, जड, कन्व्हर्टरमधून मऊपणे सुटणाऱ्या गाडीला रेडियल छान जमतो, तर क्लच सोडून झटक्यात निघणाऱ्या हाताच्या गिअरच्या गाडीला बायस टायर अधिक मानवतो आणि तिचा अ‍ॅक्सलही थोडा सुरक्षित राहतो. हाताचा गिअर आणि कमकुवत अ‍ॅक्सल असलेल्या गाडीला रेडियल लावून पाच हजार फेऱ्यांवर क्लच सोडणे म्हणजे दुरुस्तीला आमंत्रणच.

बायस टायर मागे आणि रेडियल पुढे अशी मिसळ रस्त्यावर करू नये. हायवेवर लेन बदलताना गाडीचा मागचा भाग उशिरा प्रतिसाद देतो आणि डोलू लागतो. खरेदी करताना घोटाळा होण्याजोगी आणखी एक गोष्ट अशी की ईटी स्ट्रीट आर हे नाव रेडियल आणि बायस या दोन्ही रचनांवर असते. आकड्यात रिमच्या आधी ‘आर’ असेल तर रेडियल, नुसती आडवी रेघ असेल तर बायस, एवढे पाहिले तरी पुरते.

विकत घेताना

साइडवॉलवरच्या डीओटी संकेतातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ड्रॅग टायरचे रबर वेळेबरोबर कडक होत जाते, म्हणून स्वस्तात मिळणारा जुना साठा टाळावा. वापरलेले टायर ट्रेड भरपूर दिसते म्हणून घेऊ नयेत, कारण पुन्हा पुन्हा तापून थंड झालेल्या रबराची पकड गेलेली असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. जोडी नेहमी एकाच उत्पादनाची, एकाच आकाराची घ्यावी. दोन टायरांच्या घेरात फरक असला तर सरळ रस्त्यावरही पॉझिट्रॅक्शनच्या क्लच सतत घासत राहतात.

ट्रॅकवर: हवा, बर्नआउट आणि चिठ्ठी

निवड बरोबर होती की नाही हे वापरल्यावरच कळते, म्हणून इथे थोडे थांबू. शून्य ते तीस पीएसआय (चौरस इंचाला पौंड, हवेच्या दाबाचे माप) दाखवणारा, कमी दाबासाठीचा चांगला गेज सोबत ठेवावा. पेट्रोल पंपावरच्या गेजने एका पीएसआयचा फरक कळत नाही. शेव्हलसारख्या जड गाडीच्या ड्रॅग रेडियलमध्ये २० पीएसआयने सुरुवात करावी आणि दर फेरीला एक-एक पीएसआय कमी करत १६ पर्यंत जावे. बायस स्लिकमध्ये दाब याहून कमी, साधारण १० ते १४ असतो. रेडियलमधली हवा फार कमी केली तर पकड वाढत नाही, उलट शेवटच्या टप्प्यात गाडी मागून हलू लागते.

गाडी सुटल्यानंतर टायर रिमवर सरकतो का हे पाहण्यासाठी टायर आणि रिम या दोन्हींवरून जाणारी एक रेघ पांढऱ्या बूट पॉलिशने ओढावी. त्याच पॉलिशने तिथले लोक काचेवर आपली वेळ लिहितात, त्यामुळे ते ट्रॅकवर कोणाकडेही मिळते. फेरीनंतर रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर हवा फार कमी आहे किंवा रिमला टायर धरून ठेवणारे स्क्रू लावण्याची वेळ आली आहे. ट्रेडच्या कडा काळ्या आणि खडबडीत, पण मध्यभाग चकचकीत दिसला तर हवा कमी आहे. नुसता मध्यभाग घासलेला असेल तर जास्त आहे.

सुटण्याआधी मागचे टायर ओले करून जागच्या जागी फिरवत तापवतात, त्याला बर्नआउट म्हणतात. त्यासाठीच्या पाण्याच्या खड्ड्यातून खाचा असलेल्या टायरने सरळ जाऊ नये. खाचांत अडकलेले पाणी सुरुवातीच्या रेषेपर्यंत सोबत येते आणि नेमके तिथेच टपकते. खड्ड्याला वळसा घालून पुढे जावे, मग मागची चाके ओल्या कडेपर्यंतच मागे घ्यावीत. ड्रॅग रेडियलला मोठ्या धुराचा बर्नआउट लागत नाही. धुराची पहिली विरळ रेषा दिसली की थांबावे. प्रेक्षकांना मोठा धूर आवडतो, टायरला नाही. बर्नआउटमध्ये पुढचे ब्रेक धरून ठेवणारा लाइन लॉक बसवला तर मागचे ब्रेक पॅड किंवा ड्रम विनाकारण तापत नाहीत.

फेरी संपल्यावर मिळणाऱ्या चिठ्ठीवर नवशिक्याची नजर शेवटच्या आकड्याकडे जाते. टायरची परीक्षा मात्र पहिल्या ६० फुटांच्या वेळेत होते. साध्या रस्त्याच्या टायरांवर आपल्यासारख्या गाडीची ६० फुटांची वेळ २.१ ते २.२ सेकंद असते आणि चांगल्या ड्रॅग रेडियलवर ती १.८ च्या जवळ येऊ शकते. तिथे वाचलेला सेकंदाचा एक दशांश शेवटच्या रेषेपर्यंत साधारण दीड ते दोन दशांश होतो, असा प्रचलित ठोकताळा आहे. म्हणून दर फेरीला एकच गोष्ट बदलावी, हवा किंवा सुटतानाचे इंजिनाचे फेरे, आणि ६० फुटांची वेळ वहीत लिहून ठेवावी.

पट्टीची अवस्थाही तितकीच मोलाची. अमेरिकेतल्या नियमित ट्रॅकवर सुरुवातीच्या भागात चिकट द्रव फवारलेला असतो आणि त्यावर वर्षानुवर्षांचे रबर बसलेले असते. ड्रॅग रेडियलची खरी पकड अशाच पृष्ठावर मिळते. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ‘व्हॅली रन’सारख्या ठिकाणी आयात केलेल्या मस्टँग धावताना मराठी वाचकांनी पाहिल्या असतील. विमानांसाठी बांधलेल्या धावपट्टीवर असा रबराचा थर नसतो, तिथे तोच टायर पुष्कळ जास्त घसरतो आणि सुटताना पाय हलका ठेवावा लागतो.

परतीचा रस्ता आणि साठवण

निघण्यापूर्वी टायरांत रस्त्यासाठीची हवा भरलीच पाहिजे, म्हणजे दाराच्या चौकटीवरच्या पाटीवर किंवा उत्पादकाच्या तक्त्यात असेल तेवढी. १६ पीएसआयवर हायवे गाठला तर साइडवॉल तापून टायर फुटू शकतो. यासाठी सिगारेट लायटरवर चालणारा छोटा पंप डिकीत असावा. पाऊस सुरू झाला तर वेग निम्म्यावर आणावा आणि पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवावे. दुसऱ्या थरातले टायर असतील तर सरळ एखाद्या पेट्रोल पंपावर थांबून पाऊस ओसरेपर्यंत वाट पाहावी.

थंडीत हे टायर वापरू नयेत. गोठणबिंदूच्या खाली त्यांचे रबर इतके कडक होते की पकड तर जातेच, पण गाडी हलवतानाही ट्रेडला तडे जाण्याचा धोका असतो. मिशिगन किंवा ओहायोसारख्या राज्यांत राहणाऱ्यांनी हिवाळ्याआधी ते उतरवावेत, पुसून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत आणि ऊन, पेट्रोल तसेच पंपासारखी विजेच्या मोटरवर चालणारी यंत्रे यांपासून दूर, घरातल्या कोरड्या जागी ठेवावेत. चकाकी आणणारा कोणताही स्प्रे त्यांना लावू नये. वसंतात परत चढवताना साइडवॉलवर बारीक तडे आहेत का ते पाहावे, आणि हवा, हवामान व पट्टी सारखीच असूनही ६० फुटांची वेळ वहीतल्या जुन्या आकड्यांपेक्षा सातत्याने मागे पडू लागली, तर ट्रेड कितीही शिल्लक असले तरी नवी जोडी घ्यावी.